पाच दिवसांच्या माशाला विचारता येणारा प्रश्न

आनुवंशिक मेंदूविकार असलेल्या मुलांचे जनुकीय अहवाल तयार करणे हे माझे अनेक वर्षांचे काम. अशा अहवालांत लिहिणाऱ्यालाही आणि वाचणाऱ्यालाही सर्वांत जड जातो तो ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा. जनुकात बदल सापडलेला असतो, मुलाला अपस्माराचे झटके येत असतात, पण आईवडिलांचे नमुने मिळतातच असे नाही, तोच बदल असलेला दुसरा रुग्णही नोंदलेला नसतो. त्यामुळे आजाराचे कारण हेच, असे ठामपणे म्हणता येत नाही. एससीएन१ए या जनुकाच्या बाबतीत हा शेरा मला वारंवार लिहावा लागला. त्या बदलाचा परिणाम जिवंत मेंदूत प्रत्यक्ष पाहता येईल का, या प्रश्नापायी मी संगणकापुढून उठून झेब्राफिश या छोट्या माशांच्या टाक्यांपुढे येऊन बसले. तिथे जे करायला मिळाले ते मी ठरवून गेले होते त्यापेक्षा बरेच निराळे निघाले, म्हणून हे लिहिते आहे.

एससीएन१ए हे जनुक चेतापेशींच्या आवरणातील एका सोडियम वाहिनीचे प्रथिन घडवते. वाहिनी उघडली की सोडियमचे आयन पेशीत शिरतात आणि विद्युत्-संदेश उमटतो. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली, तर इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींनाच त्याची झळ अधिक बसते. म्हणूनच संदेश उमटवणारी वाहिनी कमी होऊनही मेंदू शांत होण्याऐवजी अनावर होतो. शार्लोट द्राव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ मध्ये बालवयातील ज्या गंभीर अपस्माराचे वर्णन केले, त्या द्राव्हे सिंड्रोमच्या बहुतांश रुग्णांत याच जनुकात दोष असतो, हे २००१ नंतर स्पष्ट होत गेले. झटके पहिल्या वर्षातच, पुष्कळदा तापाचे निमित्त होऊन सुरू होतात. नेहमीची अनेक औषधे लागू पडत नाहीत, आणि सोडियम वाहिनी अडवणारी काही औषधे तर त्रास वाढवतात. पुढे मुलाची बौद्धिक वाढही मागे पडत जाते.

या आजारावर उंदरांत झालेले काम मोलाचे आहे. आवर घालणाऱ्या पेशींची गोष्ट तिथूनच कळली. पण उंदराचा गर्भ आईच्या पोटात वाढतो आणि मेंदू कवटीआड राहतो. झेब्राफिशची अंडी पाण्यातच फळतात, भ्रूण पारदर्शक असतो आणि त्याच्या वाढीचा वेग थक्क करणारा असतो. साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पहिले पेशीविभाजन पाऊण तासात होते, चोवीस तासांत डोके, डोळे आणि शेपटी ओळखू येतात व हृदय धडधडू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर येते आणि पाचव्या दिवशी ते भक्ष्याच्या मागे लागलेले दिसते. या वयाच्या मेंदूत साधारण एक लाख चेतापेशी असतात. पेशी सक्रिय झाली की चमकणारे प्रथिन माशाच्या जनुकसंचात घातले, तर जवळजवळ सगळ्या मेंदूची हालचाल एकेका पेशीपर्यंत टिपता येते, हे २०१३ मध्ये दाखवून देण्यात आले. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात हे त्या वेळी शक्य नव्हते.

हा मासा प्रयोगशाळेत रुजवण्याचे श्रेय अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांचे. एकसारख्या जनुकसंचाचे झेब्राफिश निर्माण करण्याची पद्धत त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर जर्मनीतील ट्यूबिंगेन आणि अमेरिकेतील बॉस्टन येथील गटांनी रसायनांच्या साह्याने हजारो उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतले बदल घडवून, त्यांतून वाढीत बिघाड झालेले मासे वेचून काढले. ते काम १९९६ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक समकक्ष जनुक असल्याचे दिसले, आणि आजारांशी निगडित असलेल्या जनुकांपुरते पाहिले तर हे प्रमाण ८२ टक्क्यांच्या आसपास होते. माशांवरच्या व्याख्यानांत हे दोन आकडे हमखास ऐकू येतात. समकक्ष जनुक असणे आणि त्याच्या बिघाडाने तोच आजार होणे यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि माझे बहुतेक काम त्या अंतरातच झाले.

पहिली अडचण कागदावरच उभी राहिली. अस्थिमत्स्यांच्या एका मोठ्या शाखेच्या पूर्वजात सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला. पुढे पुष्कळशा जादा प्रती गळाल्या, पण काही जोड्या टिकल्या. एससीएन१ए या मानवी जनुकाच्या जागी झेब्राफिशमध्ये एससीएन१एलएए आणि एससीएन१एलएबी अशी दोन जनुके आहेत, आणि प्रत्येकाच्या पुन्हा दोन-दोन प्रती. मुलाला आजार होतो तो दोनपैकी एक प्रत बिघडल्याने. माशात एससीएन१एलएबीची एक प्रत बिघडवली, तर पिल्लू सहसा धडधाकट राहते. दोन्ही बिघडवल्या तर आजार दिसतो, पण तेव्हाही जोडीचे दुसरे जनुक शाबूत असते. म्हणजे रुग्ण एकप्रत-दोषी आणि मासा द्विप्रत-दोषी असूनही, एकूण वाहिन्यांचा हिशेब केला तर दोघांची स्थिती बरीच जवळ येते. हा युक्तिवाद मला पटतो, पण तो युक्तिवादच आहे. शोधनिबंधात त्याला एका वाक्यात उरकून पुढे जाण्याची जी रीत पडली आहे, ती मला खटकते.

एससीएन१एलएबीतील एक उत्परिवर्तन आधीच उपलब्ध होते. डोळ्यांच्या हालचाली तपासणाऱ्या एका चाळणीतून ते योगायोगाने हाती लागले होते. तरीही स्वतःचे उत्परिवर्तन घडवायचे असे आमच्या गटाने ठरवले. एकाच जनुकात दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले घाव जर सारखीच लक्षणे दाखवत असतील, तर ती लक्षणे त्या जनुकामुळेच आहेत, शेजारच्या एखाद्या नजरचुकीच्या बदलामुळे नाहीत, याची खात्री पटते. क्रिस्पर पद्धतीत वीस अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए कॅस-९ या प्रथिनाला डीएनएतील नेमक्या जागी नेतो आणि तिथे काप घेतला जातो. पेशी तो काप घाईने सांधते, त्यात काही अक्षरे गळतात किंवा जादा घुसतात. गळालेल्या अक्षरांची संख्या तीनने भागली जात नसेल, तर पुढचे सगळे वाचन बिघडते आणि प्रथिन अर्ध्यातच तुटते. जागा निवडण्याचे काम संगणकावर दुपारभरात होते.

अंड्यांत टोचण्याच्या कामाला मात्र हात बसावा लागतो. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एकाच छोट्या टाकीत, मधे पारदर्शक पडदा घालून ठेवतात. खोलीतले दिवे चौदा तास चालू आणि दहा तास बंद असे घड्याळावर बांधलेले असतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. मासे उजेड झाल्याबरोबर अंडी घालतात आणि ती जाळीतून तळाशी पडतात, त्यामुळे आईबापांच्या तोंडी लागत नाहीत. अंडी गाळून घ्यायची आणि आगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या साच्यात पाडलेल्या खाचांत ओळीने बसवायची. तिथून पुढे पाऊण तासाची मुदत असते, कारण पेशी एकच आहे तोवर टोचले तरच बदल शरीरभर पसरण्याची शक्यता राहते. काचेची नळी तापवून ओढून केलेली सुई इतकी बारीक असते की तिचे टोक चिमट्याने किंचित मोडून उघडावे लागते. त्यातून निघणारा थेंब आधी तेलाच्या थेंबात सोडून मोजायचा. तो साधारण एक नॅनोलिटरचा हवा. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळसर बलकावर बसलेली पेशी एखाद्या पारदर्शक टोपीसारखी दिसते. सुई कवचाला टेकली की कवच आधी आत दबते, मग एकदम भेदले जाते, आणि द्रवात मिसळलेला लाल रंग पेशीत पसरतो. रंग बलकात गेला तर ते अंडे बाजूला काढायचे. ओळ संपेपर्यंत पुढच्या अंड्यांत पहिली चीर पडलेली असते. तिथे थांबावे लागते.

टोचलेल्या अंड्यांतून वाढलेले मासे मिश्र असतात, म्हणजे त्यांच्या शरीरातल्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे बदल असतात. घाईच्या कामासाठी काही जण याच पहिल्या पिढीवर प्रयोग करतात, आणि अनेक जनुके झटपट चाळायची असतील तर ते ठीकही आहे. मेंदूच्या वर्तनाबद्दल काही बोलायचे असेल, तर मला ते पुरेसे वाटत नाही. म्हणून त्या माशांचा निर्दोष माशांशी संकर करायचा, पिल्ले वाढवायची, भूल देऊन प्रत्येकाच्या शेपटीच्या पराचा कण कापून डीएनए तपासायचा, आपल्याला हवा तो बदल असलेले निवडायचे आणि मग त्यांचा आपसात संकर करायचा. एक पिढी वयात यायला साधारण तीन महिने लागतात. एवढ्या काळात रोज खाद्य, पाण्याची तपासणी आणि टाक्यांची मोजदाद हेच काम असते, आणि अहवालात त्याची एक ओळही येत नाही. या कामाची खरी गती टाक्यांची देखभाल करणाऱ्या माणसाच्या हातात असते, असे मी आता म्हणते.

एकप्रत-दोषी जोडीची पिल्ले मेंडेलच्या नियमाप्रमाणे एकास दोनास एक अशी विभागली जातात: पाव भाग द्विप्रत-दोषी, अर्धी एकप्रत-दोषी, पाव भाग निर्दोष. ही सगळी एकाच घाण्यातली, म्हणजे एकाच जोडीच्या एकाच वेळच्या अंड्यांतली सख्खी भावंडे, एकाच डिशमध्ये, एकाच पाण्यात वाढलेली असतात. त्यांच्यापेक्षा चांगला तुलनागट मिळणे शक्य नाही. दुसऱ्या टाकीतल्या, दुसऱ्या दिवशीच्या निर्दोष पिल्लांशी केलेली तुलना मी आता मानत नाही. कारण पिल्लांची चपळाई घाण्यागणिक बदलते, सकाळ-दुपारीसुद्धा बदलते, आणि प्लेटच्या कडेच्या खळग्यांत ठेवलेली पिल्ले मधल्या खळग्यांतल्यांपेक्षा वेगळी वागू शकतात. त्याच कारणाने एका घाण्यातली शंभर पिल्ले म्हणजे शंभर स्वतंत्र पुरावे होत नाहीत. निष्कर्षासाठी घाणे मोजावे लागतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी डिश उजेडात धरली की काही पिल्ले इतरांपेक्षा ठळकपणे काळी दिसतात. निरोगी पिल्लू उजेडात रंगपेशींतले काळे कण आकसून घेते आणि फिके होते. द्विप्रत-दोषी पिल्लाला ते साधत नाही. त्याची हवेची पिशवीही फुगत नाही, त्यामुळे ते तळाशी, पुष्कळदा कुशीवर पडून असते. मधूनच काही न घडता ते एकदम उसळते, कडेकडेने वेगाने गोल फिरते, मग शरीर ताठ होऊन थरथरते आणि तोल जाऊन उलटे पडते. काही क्षणांनी पुन्हा सावरते. ही पिल्ले दहा-बारा दिवसांपुढे सहसा जगत नाहीत. पहिल्यांदा हे पाहताना माझ्या मनात नकळत ‘झटका’ हा शब्द आला. तो नोंदवहीत लिहिण्याचा अधिकार मात्र अजून मिळालेला नव्हता, कारण उसळून फिरणे घाबरलेल्या किंवा विषबाधा झालेल्या पिल्लातही दिसते.

इथे रंगाने आणखी एक पेच घातला. कोणते पिल्लू दोषी आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत असल्यामुळे निरीक्षकाला अंधारात ठेवणे अशक्य होते. आणि काळे पिल्लू जरा हलले तरी त्यात झटका पाहण्याचा मोह होतो. यावर उपाय म्हणजे निरीक्षण यंत्रावर सोपवणे. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात एक पिल्लू ठेवायचे, अवरक्त प्रकाशात वरून कॅमेऱ्याने चित्रण करायचे आणि वेग, अंतर, वळणे यांचा हिशेब संगणकाला करू द्यायचा. प्रयोग संपल्यावर प्रत्येक खळग्यातल्या पिल्लाचा डीएनए वेगळा काढून त्याची जनुकीय ओळख पटवायची आणि मगच दोन तक्ते एकमेकांना जोडायचे. या पद्धतीचा एक अनपेक्षित फायदा झाला. फिकी दिसणारी काही पिल्ले द्विप्रत-दोषी निघाली आणि काळसर दिसणारी काही निर्दोष निघाली. संख्या लहान होती, पण केवळ रंगावरून वर्गवारी केली असती तर त्यांची गल्लत झालीच असती.

तरीही हालचाल म्हणजे झटका नव्हे. त्यासाठी मेंदूतली विद्युत् नोंद हवी. पिल्लाला कोमट, पातळ आगरोजमध्ये पाठ वर करून बसवायचे. आगरोज गोठले की ते हलू शकत नाही, आणि स्नायूंच्या हालचालीचा गोंधळ टाळण्यासाठी स्नायू शिथिल करणारे औषध देतात. त्वचेतून श्वसन होत असल्याने या वयात कल्ले थांबले तरी ऑक्सिजन पुरतो. मग मिठाच्या द्रावणाने भरलेला काचेचा इलेक्ट्रोड सूक्ष्मदर्शकाखाली दृष्टिपटलाकडून येणारे संदेश स्वीकारणाऱ्या मध्यमेंदूच्या उंचवट्यावर आणायचा. त्वचेला टेकताना पडद्यावरची रेषा थोडी वर-खाली होते, आत गेल्यावर स्थिरावते. निर्दोष भावंडाची रेषा बारीक कुरकुरीसह जवळजवळ सपाट चालत राहते. द्विप्रत-दोषी पिल्लाच्या नोंदीत आधी छोटे, अणकुचीदार उंचवटे दिसतात, आणि मग मधूनच मोठ्या उंचीच्या लहरींची कितीतरी सेकंद चालणारी माळ सुरू होते, ती ओसरल्यावर रेषा काही काळ नेहमीपेक्षाही शांत राहते. अपस्माराच्या रुग्णाचा मेंदू-आलेख ज्याने पाहिला आहे, त्याला हे अनोळखी वाटणार नाही. मी इथे ‘झटका’ हा शब्द पहिल्यांदा लिहिला.

औषधांची चाळणी हा या माशाचा सर्वांत जाहिरात झालेला उपयोग, आणि त्याला कारणही आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्कॉट बाराबान यांच्या गटाने २०१३ मध्ये याच जनुकाचे दोषी मासे घेऊन ३२० संयुगे तपासली. व्हॅल्प्रोएट, डायझेपाम, स्टिरिपेंटॉल यांसारखी रुग्णांना उपयोगी पडणारी औषधे माशातही लागू पडतात हे त्यांनी आधी दाखवले, आणि चाळणीतून क्लेमिझोल हे जुने, ॲलर्जीवरचे औषध निवडले गेले. इतर ॲलर्जीरोधक औषधांनी तसा परिणाम केला नाही. पुढे त्याचे कार्य सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या मार्गाने होते असे दिसले. फेनफ्लुरामिन या औषधाची कथा याच वाटेवरची. भूक कमी करणारे म्हणून ते पूर्वी वापरात होते आणि हृदयाच्या झडपांना होणाऱ्या इजेमुळे १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. द्राव्हे सिंड्रोमसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. दोषी माशांतही ते झटके कमी करते. मात्र रुग्णांतील उपयोग डॉक्टरांच्या ध्यानात आधी आला होता आणि माशाने त्याला दुजोरा दिला. हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो, तो योग्य नाही.

स्वतः चाळणी करू लागल्यावर मला कळले की तिचा पहिला टप्पा फसवा असतो. संयुग पाण्यात मिसळले आणि काळी पिल्ले शांत झाली, एवढ्यावर आनंद मानता येत नाही. पिल्लाला गुंगी आली, ते अर्धांगवायूसारखे लुळे पडले किंवा मरणपंथाला लागले, तरीही कॅमेऱ्याच्या हिशेबात ‘झटके थांबले’ असेच येते. म्हणून प्रत्येक आश्वासक संयुगासाठी हृदयाचे ठोके पाहायचे, बारीक सुईने स्पर्श करून पिल्लू पळते का ते पाहायचे, निर्दोष भावंडांवर तेच संयुग टाकून त्यांच्या पोहण्यात काय फरक पडतो ते मोजायचे आणि शेवटी इलेक्ट्रोडची नोंद घ्यायची. हालचालीच्या चाळणीतून पार पडलेली बहुतेक संयुगे या पुढच्या पायऱ्यांवर गळाली. शिवाय पाण्यात विरघळलेले सगळे औषध पिल्लाच्या मेंदूपर्यंत पोहोचतेच असे नाही. एखादे संयुग निष्प्रभ ठरले तर ते निरुपयोगी आहे की पोहोचलेच नाही, हे वेगळे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. चाळणीतून निसटलेल्या औषधांबद्दल त्यामुळेच मी काहीही म्हणत नाही.

या माशाविषयीच्या उत्साहाला आवर घालणाऱ्या दोन गोष्टी या क्षेत्रातल्या प्रत्येकाने जवळ ठेवाव्यात असे मला वाटते. एक म्हणजे मॉर्फोलिनोचा धडा. २००० च्या सुमारास जनुकाचे काम तात्पुरते रोखणारे हे रेणू अतिशय लोकप्रिय झाले आणि त्यांच्या आधारे कितीतरी जनुकांवर आजारांची जबाबदारी टाकली गेली. क्रिस्परने तीच जनुके कायमची बिघडवली, तेव्हा अनेक ठिकाणी ती लक्षणे दिसलीच नाहीत. काही वेळा मॉर्फोलिनोंचा अनुषंगिक दुष्परिणाम हे त्याचे कारण होते. काही वेळा उलट, बिघडलेल्या जनुकाचा आरएनए मोडला जात असताना पेशी त्याच्या नातेवाईक जनुकांचे काम वाढवते आणि उणीव झाकली जाते, हे २०१५ नंतरच्या कामातून पुढे आले. म्हणजे लक्षण दिसणे आणि न दिसणे, दोन्हींची उलटतपासणी करावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले बाराबान यांच्याच गटाचे काम. बालवयातील गंभीर अपस्मारांशी निगडित जनुकांच्या ४० दोषी वाणांत सुमारे ३,३०० पिल्लांच्या विद्युत् नोंदी घेतल्या गेल्या, आणि आपोआप येणारे झटके फक्त ८ जनुकांच्या बाबतीत आढळले. उरलेली जनुके माणसात निरुपद्रवी आहेत असा याचा अर्थ नव्हे. पाच-सहा दिवसांच्या पिल्लाने त्यांच्याबद्दल काही सांगितले नाही, इतकाच आहे.

माणसाच्या मेंदूवरचे सुरकुतलेले बाह्यक माशाला नसते, हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. तो खरा आहे आणि काही आजारांत निर्णायकही आहे. बाह्यकाच्या थरांची रचनाच बिघडते असा विकार माशात शोधण्यात अर्थ नाही. पण वाहिन्या, चेतासंधी, आवर घालणाऱ्या आणि चेतवणाऱ्या पेशींचा समतोल हे सर्व माशात आहे, आणि तिथे बिघाड झाला तर त्याची खूण दिसते. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता पिल्लात शोधणाऱ्यांनी शब्द अधिक जपून वापरावेत, एवढे मी म्हणेन. अचानक आवाजाला पिल्लू किती वेळा दचकते, रात्री किती झोपते हे मोजता येते. त्याला थेट मुलाच्या निदानाचे नाव देणे मला मान्य नाही.

ज्या शेऱ्यामुळे मी इथवर आले, त्याचे काय झाले ते सांगायला हवे. माणसाचा बिनचूक आरएनए दोषी पिल्लाला देऊन ते सुधारते का पाहायचे, मग रुग्णाच्या बदलासह तोच आरएनए देऊन तुलना करायची, ही जनुकीय बदल तपासण्याची प्रचलित रीत लहान जनुकांसाठी चांगली चालते. एससीएन१ए त्याला दाद देत नाही. त्याचा सांकेतिक भाग सहा हजारांहून अधिक अक्षरांचा आहे, तो जिवाणूंत वाढवताना आपोआप बदलण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि पहिल्या दिवशी दिलेला आरएनए पाचव्या दिवशीच्या झटक्यापर्यंत टिकत नाही. एका विशिष्ट अक्षराच्या बदलाने वाहिनी किती प्रमाणात निकामी होते, हे काचपात्रातल्या पेशींत वाहिनी घालून तिचा प्रवाह मोजणारे तंत्रच अधिक नेमके सांगते. वाहिनी नसल्याने संपूर्ण मेंदूत काय उलथापालथ होते आणि ती कशाने शमते, हा माशाला विचारायचा प्रश्न आहे. डॉक्टर एखादा बदल ‘माशावर तपासून द्या’ असे सुचवतात तेव्हा मी आधी हे दोन प्रश्न वेगळे करून घेते.

तरीही मधली एक वाट शिल्लक आहे, आणि सध्या आमचे काम तिच्यावर चालू आहे. डीएनएतील एकच अक्षर बदलणारी तंत्रे २०१७ पासून झेब्राफिशमध्ये वापरात आहेत. रुग्णातल्या बदलाची जागा माशाच्या जनुकातही तशीच जपली गेली असेल, तर तोच बदल माशात आणता येतो. असा मासा आमच्या निकामी-प्रतीच्या माशाशी जुळवला, की काही पिल्लांत एका गुणसूत्रावर रुग्णाचा बदल आणि दुसऱ्यावर पूर्ण निकामी प्रत येते. वाहिनीचे सगळे काम अशा वेळी त्या एकट्या बदललेल्या प्रतीवर पडते. ही पिल्ले काळी पडली, त्यांची हवेची पिशवी फुगली नाही आणि इलेक्ट्रोडवर झटक्यांच्या माळा दिसल्या, तर बदल घातक आहे असे म्हणायला चांगला आधार मिळतो. ती भावंडांसारखीच निरोगी राहिली, तर मात्र अहवालातला शेरा बदलता येणार नाही, कारण वाहिनीचे काम थोडेसेच कमी करणारा बदल पाच दिवसांच्या पिल्लात लपून राहू शकतो. निवडलेल्या पहिल्या तीन बदलांपैकी दोनांचे मासे वयात आले आहेत. तिसऱ्याची जागा माशात जपलेली नव्हती, म्हणून तो पेशींतील प्रवाह मोजणाऱ्या सहकाऱ्यांकडे पाठवला आहे.